‘आठवड्यातून किती वेळ हालचाल करता?’ : उत्तरावर विसंबायचे किती?

कुरुंदा (जि. हिंगोली), प्रतिनिधी - वसमत तालुक्याच्या या परिसरात जानेवारी उजाडला की हळदीच्या काढणीची लगबग सुरू होते. पाला कापणे, कंद खणून काढणे, माती झाडून गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, शिजवणे, वाळत घालणे अशी कामे पुढे काही आठवडे चालू राहतात. शेतातल्या कामाच्या आधी आणि नंतर बायांना घरचा स्वयंपाक, धुणेभांडी, पाणी आणि जनावरे असतातच.

समजा, अशाच एका सायंकाळी आशा स्वयंसेविका आरोग्य तपासणीचा अर्ज घेऊन एका शेतमजूर बाईच्या दारात येते. “मावशी, आठवड्यातून दीडशे मिनिटं व्यायाम होतो का तुमचा?” ती विचारते. “व्यायाम कुठला बाई? कामातून मान वर काढायला सवड न्हाई,” असे उत्तर मिळते आणि अर्जावर ‘दीडशे मिनिटांपेक्षा कमी’ या पर्यायासमोर खूण होते. दोन घरे सोडून राहणारे एक निवृत्त गृहस्थ मात्र ठामपणे सांगतात, “रोज तासभर फिरायला जातो.” त्यांच्या अर्जावर ‘दीडशे मिनिटे किंवा अधिक’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात ते आठवड्यातून चार दिवस, पंचवीस-पंचवीस मिनिटे चालतात. उरलेला वेळ पारावरच्या गप्पांत जातो.

प्रसंग काल्पनिक आहे, अर्ज मात्र खरा आहे. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत आणि दोन्ही नोंदी चुकीच्या आहेत. माणसाने स्वतः सांगितलेल्या माहितीवरून त्याची शारीरिक हालचाल कितपत अचूक मोजता येते, हा जगभरच्या संशोधकांना अनेक वर्षे पडलेला प्रश्न आहे. ‘निम्मा भारत निष्क्रिय’ अशा मथळ्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न असल्याने तो समजून घेणे आवश्यक आहे.

अर्जावरचा एक प्रश्न

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि काही कर्करोगांचे निदान वेळीच व्हावे, यासाठी ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१७ पासून राबवला जात आहे. त्यासाठी आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन एक छोटा अर्ज भरतात. वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर आणि कुटुंबातील आजार यांबरोबर शारीरिक हालचालींचाही प्रश्न त्यात असतो. आठवड्याला दीडशे मिनिटांपेक्षा कमी हालचाल असल्यास एक गुण मिळतो. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाले, तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते.

तपासणी सर्वांचीच अपेक्षित असल्याने या एका गुणाने कोणाचा हक्क जात नाही. तरीही चुकीचे परिणाम दोन्ही बाजूंना सारखे नसतात. कष्टकरी बाईच्या नावावर एक गुण जादा पडला, तर फार तर तिची तपासणी लवकर होते. निवृत्त गृहस्थांचा एक गुण कमी झाला आणि एकूण बेरीज पाचाऐवजी चारवर थांबली, तर ते प्राधान्याच्या यादीतून निसटतात. हालचाल वाढवून सांगण्याची चूक अशा रीतीने धोका झाकून टाकते.

प्रश्नावली म्हणजे काय?

जगात आज दोन प्रश्नावल्या सर्वाधिक वापरल्या जातात. पहिली ‘आंतरराष्ट्रीय शारीरिक हालचाल प्रश्नावली’. तिची कल्पना १९९८ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत पुढे आली आणि २००० मध्ये १२ देशांत तिची चाचणी झाली. त्या देशांत भारत नव्हता. ही प्रश्नावली मागील सात दिवसांबद्दल विचारते. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची ‘जागतिक शारीरिक हालचाल प्रश्नावली’. तिच्यात १६ प्रश्न आहेत. काम, येणे-जाणे आणि फावला वेळ अशा तीन भागांत ती हालचाल विचारते, शिवाय बसून जाणारा वेळही विचारते. तिचा आधार ‘नेहमीचा आठवडा’ हा असतो.

उत्तरांचे आकड्यांत रूपांतर करण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला लागणारी ऊर्जा म्हणजे एक मेट. जागतिक प्रश्नावलीत मध्यम श्रमाला चार आणि जोरकस श्रमाला आठ मेट धरले जातात. मिनिटांना मेटने गुणून आठवड्याची बेरीज ६०० झाली, की ती व्यक्ती पुरेशी सक्रिय मानली जाते. मध्यम गतीने दीडशे मिनिटे चालल्यास नेमकी हीच संख्या येते.

आता वरच्या दोन व्यक्तींचा हिशेब करून पाहू. मजूर बाईने रोज सहा तास, आठवड्यातून सहा दिवस मध्यम श्रमाचे शेतकाम केले, तर २,१६० मिनिटे गुणिले चार, म्हणजे ८,६४० इतकी बेरीज होते. उंबरठ्याच्या ती चौदा पटींहून अधिक आहे. प्रश्न ‘व्यायामा’चा समजला गेला, तर मात्र तिची नोंद शून्य होते. गृहस्थांच्या सांगण्यानुसार त्यांची बेरीज १,६८० भरते, तर प्रत्यक्षातल्या शंभर मिनिटांनुसार केवळ ४०० भरते. एका शब्दाच्या अर्थाने आणि एका तासाच्या अंदाजाने दोघांचाही गट बदलला.

आकड्यांतील तफावत

प्रश्नावली तपासताना संशोधक दोन गोष्टी पाहतात. तोच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारल्यास तेच उत्तर येते का, ही पहिली. उत्तर वस्तुस्थितीशी जुळते का, ही दुसरी. पहिल्या कसोटीवर प्रश्नावल्या चांगल्या उतरतात. बारा देशांतील चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पुनरावृत्तीचा सहसंबंध सुमारे ०.८ होता. शरीरावर बांधलेल्या यंत्राच्या नोंदींशी तुलना केली असता मात्र तो सुमारे ०.३ वर आला. संपूर्ण मेळ असता तर तो १ आला असता. लोक आपल्या उत्तराशी ठाम राहतात, पण ते उत्तर यंत्राच्या नोंदीशी फारसे जुळत नाही, असा याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीची चाचणी भारतासह नऊ देशांत झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यांतही चित्र जवळपास असेच होते. प्रौढांच्या सांगण्याची आणि प्रत्यक्ष मोजमापाची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये घेण्यात आला, तेव्हा सरासरी सहसंबंध ०.३७ निघाला. आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीच्या छोट्या आवृत्तीवरील २३ अभ्यासांचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या आवृत्तीत हालचाल सरासरी ८४ टक्क्यांनी वाढवून सांगितली जाते, असे त्यात आढळले.

इंग्लंडमधील २००८ च्या आरोग्य सर्वेक्षणाने ही तफावत ठळकपणे दाखवली. शिफारशीइतकी हालचाल करतो, असे ३९ टक्के पुरुषांनी आणि २९ टक्के स्त्रियांनी सांगितले होते. त्यांतील काही जणांच्या कमरेला यंत्र बांधून मोजले असता हे प्रमाण पुरुषांत ६ आणि स्त्रियांत ४ टक्के भरले. अमेरिकेतही २००३-०४ मध्ये यंत्राने मोजलेल्या प्रौढांपैकी शिफारस पूर्ण करणारे पाच टक्क्यांहून कमी होते.

स्मरण चुकते कुठे?

या तफावतीमागे लबाडी असतेच असे नाही. पहिले कारण स्मरणाचे आहे. ठरवून, ठरावीक वेळी केलेली गोष्ट चांगली लक्षात राहते. सकाळचे फिरणे, योगासने किंवा टोकाई गडावर दर्शनासाठी चालत जाणे आठवते. दिवसभर विखुरलेली, सवयीची कामे मात्र आठवत नाहीत. अंगण झाडणे, हंडा उचलणे, गोठ्यातले शेण काढणे यांची मिनिटे कोणी मोजून ठेवत नाही.

दुसरे कारण वेळेच्या अंदाजाचे. आपण ‘अर्धा तास’, ‘एक तास’ अशा पूर्ण आकड्यांत बोलतो आणि घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा वेळ व्यायामात धरतो. तिसरे कारण समोरच्याला बरे वाटावे असे उत्तर देण्याच्या प्रवृत्तीचे. आरोग्य खात्याचा माणूस विचारतो आहे म्हटल्यावर ‘काहीच करत नाही’ असे सांगणे अनेकांना संकोचाचे वाटते. चौथे कारण श्रमाच्या प्रतवारीचे. ‘मध्यम’ आणि ‘जोरकस’ हे शब्द प्रत्येकाला वेगळे वाटतात. ज्याला दम लवकर लागतो त्याला साधे चालणेही जोरकस वाटते, तर आयुष्यभर कष्ट केलेल्या व्यक्तीला खुरपणीसुद्धा ‘बसूनच तर करायची’ अशी हलकी वाटते.

यात आणखी एक तांत्रिक अडचण होती. सलग दहा मिनिटे चाललेली हालचालच या प्रश्नावल्या मोजत आल्या. घरकाम असे सलग क्वचितच होते. चुलीपासून नळापर्यंत, नळापासून गोठ्यापर्यंत ते तुकड्यातुकड्यांनी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून दहा मिनिटांची ही अट काढून टाकली. त्याआधीच्या सर्वेक्षणांतून बायकांच्या कामाचा काही भाग या अटीमुळेच गळाला असणार.

‘नेहमीचा आठवडा’ हा शब्दप्रयोगही शेतीच्या गावात अडचणीचा ठरतो. जूनमधील पेरणी, पावसाळ्यातील खुरपणी, ऑक्टोबरमधील सोयाबीनची काढणी, हिवाळ्यातील कापूस वेचणी आणि जानेवारीनंतरची हळद अशा क्रमाने कष्टांचे प्रमाण बदलत जाते. एप्रिल-मेमध्ये कामे विरळ होतात. त्यामुळे सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले, यावर उत्तर पालटते. पगारदार माणसाचा आठवडा वर्षभर सारखा असू शकतो, शेतमजुराचा नसतो.

यंत्रही सर्वज्ञ नाही

मग सरळ यंत्रानेच का मोजू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. अॅक्सिलरोमीटर हे यंत्र शरीराच्या वेगातील बदल टिपते. कमरेला बांधल्यावर ते चालणे आणि धावणे उत्तम ओळखते. परंतु उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या बाईची कंबर फारशी हलत नाही, हात सतत चालू असतात. डोक्यावर भारा किंवा दोन हंडे घेऊन चालणारी आणि रिकाम्या हाताने चालणारी यांच्यातील फरकही या यंत्राला कळत नाही. सायकल चालवणाऱ्याचे कष्ट त्यात नीट उमटत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेतील यंत्रांचे आकडे वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तेथील नोकरदारापेक्षा मराठवाड्यातील शेतमजुराच्या बाबतीत ती अधिक मोठी आहे. मोबाइलमधील पावले मोजण्याची सोय तर फोन अंगावर असेल तेव्हाच उपयोगाची. फोन बांधावर ठेवून शेतात उतरलेल्या माणसाची पावले तो मोजू शकत नाही.

शरीराने एकूण किती ऊर्जा खर्च केली, हे ठरवण्याची सर्वांत खात्रीची पद्धत ‘दुहेरी चिन्हांकित पाण्या’ची मानली जाते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड, निरुपद्रवी रूपे असलेले पाणी व्यक्तीला पाजतात आणि एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. हायड्रोजन केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. दोहोंच्या घटण्याच्या वेगातील फरकावरून ऊर्जेचा हिशेब लागतो. पद्धत अचूक असली तरी महाग आहे. शिवाय ती एकूण खर्च सांगते. तो खर्च कापूस वेचण्यात झाला की गड चढण्यात, हे सांगत नाही. हे जाणून घ्यायचे, तर पुन्हा माणसालाच विचारावे लागते.

महाराष्ट्राचे चित्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहविषयक अभ्यासात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील १४,२२७ व्यक्तींची हालचाल जागतिक प्रश्नावलीने मोजण्यात आली. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. पुरुष स्त्रियांपेक्षा अधिक सक्रिय असल्याचे दिसले. महाराष्ट्रातील ९१.३ टक्के लोकांनी फावल्या वेळात कोणतीही व्यायामासारखी हालचाल करत नसल्याचे सांगितले.

त्यानंतर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये १६३ देशांतील ५०७ सर्वेक्षणांचा अभ्यास आला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के होते. हा अभ्यासही लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरच उभा आहे.

या आकड्यांशेजारी केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेचे वेळेच्या वापराचे सर्वेक्षण ठेवून पाहावे. त्यात ‘व्यायाम करता का’ असे विचारत नाहीत. आदल्या दिवसाच्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने कसे गेले, ते लिहून घेतात. २०२४ च्या सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेल्याचे दिसले, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. घरकामाचा प्रत्येक प्रकार मध्यम श्रमाचा नसतो, हे खरे आहे. भाजी निवडणे आणि पाणी भरणे यांत अंतर आहे. तरीही दिवसाचे जवळपास पाच तास घरकामात घालवणारा वर्ग पुरुषांपेक्षा अधिक निष्क्रिय ठरत असेल, तर त्यातला काही भाग मोजमापाच्या पद्धतीतून आलेला आहे का, हे विचारणे रास्त ठरते.

याचा अर्थ निष्क्रियतेचा इशारा खोटा आहे, असा मात्र नाही. नांगरणी ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, हळद बॉयलरमध्ये शिजते आणि शेजारच्या गावालाही लोक मोटारसायकलने जातात. खेड्यातील हालचाल खरोखरच घटते आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणाची आणि किती घटली, हे आजच्या प्रश्नांतून नेमके कळते का.

पुण्याजवळच्या सहा गावांचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केला. त्याचाच एक भाग म्हणून आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांच्या श्रमांचे मोजमाप केले. परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी न वापरता तेथील बायका प्रत्यक्ष जी घरकामे आणि शेतकामे करतात, त्यांचीच प्रश्नावली करण्यात आली आणि प्रत्येक कामाला लागणाऱ्या शक्तीनुसार गुण देण्यात आले. गरोदरपणाच्या साधारण अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात माहिती घेण्यात आली.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ७९७ स्त्रियांचा निष्कर्ष गंभीर होता. ज्या मातांच्या श्रमांचे गुण अधिक होते, त्यांच्या बाळांचे सरासरी वजन कमी आणि डोक्याचा घेर लहान होता. या स्त्रियांना ‘व्यायाम करता का’ एवढेच विचारले असते, तर बहुतेकींचे उत्तर ‘नाही’ असेच आले असते आणि त्यांना अधिक हालचालीचा सल्ला मिळाला असता. त्यांच्या श्रमांची नावे घेऊन विचारल्यामुळे विश्रांतीची गरज पुढे आली. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो, यावर सल्ला कसा बदलतो, याचे हे उदाहरण आहे. चेन्नईच्या मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठाननेही भारतीय जीवनमान डोळ्यांसमोर ठेवून स्वतंत्र प्रश्नावली तयार केली आणि यंत्राच्या नोंदींशी ताडून तिची पडताळणी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली.

मग विसंबायचे किती?

एवढी चूक असूनही प्रश्नावल्या टाकाऊ नाहीत. हजारो लोकांची माहिती थोड्या खर्चात घेण्याचा दुसरा मार्ग आजही सोपा नाही. मोठ्या समूहांत अधिक आणि कमी सक्रिय गट वेगळे करण्यास त्या उपयोगी पडतात. सांगितलेल्या हालचालीचा आणि आयुर्मानाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मोजमाप धूसर असल्याने हा संबंध प्रत्यक्षाहून क्षीण दिसतो आणि यंत्राने मोजल्यावर तो अधिक ठळक होतो, असेही पुढे आढळले. म्हणजे, हालचालीचे फायदे प्रश्नावलीत दिसतात त्याहून बहुधा मोठे आहेत.

मात्र एकाच व्यक्तीची नेमकी मिनिटे ठरवण्यासाठी हे साधन पुरेसे नाही. दोन सर्वेक्षणांतील प्रश्न, हंगाम किंवा ‘दहा मिनिटां’सारखी अट वेगळी असेल, तर त्यांची सरळ तुलनाही करू नये. वाचकाने असा आकडा वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : माहिती विचारून घेतली की मोजून, काम आणि घरकाम त्यात धरले की केवळ व्यायाम, आणि सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले.

अर्ज भरणाऱ्यालाही थोडा बदल करता येईल. ‘व्यायाम’ या शब्दाने सुरुवात न करता ‘काल पहाटे उठल्यापासून काय काय काम केले?’ असे विचारावे. कामांची नावे घ्यावीत : खुरपणी, वेचणी, सरपण, पाणी, गोठा. फिरायला जाणाऱ्याला ‘किती वेळ’ याऐवजी ‘कुठून कुठपर्यंत’ आणि ‘मागच्या आठवड्यात किती दिवस’ असे विचारावे. अंतर आणि वार सांगताना अंदाज कमी चुकतो. यासाठी यंत्र लागत नाही की खर्च लागत नाही. दाराशी आणखी पाच मिनिटे थांबावे लागते, इतकेच. अर्थात, गावभर घरे पालथी घालणाऱ्या आशा स्वयंसेविकेला ती पाच मिनिटे मिळतील, एवढी सोय यंत्रणेने करून द्यायला हवी.